रात्री 64, सकाळी 21

जानेवारीतली गोष्ट. आमच्या फीडरला त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती आणि गव्हाला पाण्याची नड होती. थ्री फेज, म्हणजे मोटर चालवणारी लाईट, आली की मोटरीला जोडलेला मोबाईल स्टार्टर मला फोन करतो. मोटर ऑटोवर टाकून झोपता येतं, नाही असं नाही, पण दारं धरायला, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला, माणूस उठावाच लागतो. त्या रात्री स्टार्टरनं फोन केलाही असेल. माझा मोबाईल उशाखाली मरून पडला होता. सहाला जाग आली तेव्हा वाफे कोरडे आणि लाईट जायला दोन तास उरलेले.

आमचं शेत जिंतूर तालुक्यात, येलदरीच्या अंगाला. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या मुक्कामाच्या जागी, गावठाणची लाईट नाही. जी आहे ती शेतीपंपाची, आठ तास. म्हणजे घरून निघताना बॅटरीत जेवढं असेल तेवढ्यावरच लाईट येईपर्यंत काढायची. बोलणं नाही, बघणं नाही, नुसता पडलेला मोबाईल रात्रीतून एवढं खातो कसा, हे डोक्यात बसेना.

मग मी माझ्या अकलेनं उपाय सुरू केले. झोपायच्या आधी चौकोनी बटण दाबून उघडी असलेली सगळी ॲप वर ढकलून द्यायची, अंगण झाडल्यासारखी. वरून 'बॅटरी वाचवा' असं सांगणारं एक ॲपही घेतलं. त्यातलं रॉकेटचं चित्र दाबलं की रॉकेट उडायचं, '18 ॲप बंद केले' म्हणायचं आणि एक जाहिरात दाखवायचं. मन शांत व्हायचं. बॅटरी तशीच जायची.

शेवटी बॅटरीच बदलावी म्हणून जिंतूरला गेलो. दुकानातल्या पोरानं मोबाईल उलटापालटा करून बघितला. म्हणालं, "काका, फुगलेली नाही, अन् अचानक बंदबी पडंना. रात्री झोपताना किती अन् सकाळी किती, तेवढं आठ दिवस लिहून आणा. मग बघू." हजार-बाराशे रुपये समोर असताना परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघितला.

आखाड्यावर दुधाचा हिशोब लिहायला कॅलेंडर टांगलेलं असतं. त्याच चौकोनात लिटरच्या खाली लिहायला लागलो. रा. 64, स. 21. रा. 70, स. 29. तिसऱ्या दिवशी मी ॲप वर ढकलायची मुद्दाम विसरलो आणि आकडा हलला नाही. रा. 66, स. 24.

आठ दिवसांनी त्यानं मला सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी युसेज असं आत नेलं. तिथं प्रत्येक ॲपपुढे लिहिलेलं असतं, समोर किती वेळ चाललं आणि मागं किती वेळ. सगळ्यात वर होतं सोयाबीनचा भाव बघायला घेतलेलं एक ॲप. समोर 4 मिनिटं, मागं साडेसात तास! घेताना त्यानं लोकेशन मागितलं होतं आणि मी न वाचता 'ऑल द टाइम'वर बोट टेकवलं होतं. माझी खाट कुठं आहे हे ते रात्रभर तपासत बसायचं. दुसऱ्या नंबरवर ते रॉकेटवालं. ते पोरगं इतकं हसलं की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

ढकलायच्या ॲपचं त्यानं जे सांगितलं ते मला मोटरीवरून कळलं. विहिरीवरच्या मोटरीचा फुटबॉल, म्हणजे पाइपाच्या बुडाची पाणी परत खाली न सोडणारी झडप (फूट व्हॉल्व्ह), धड असला की पाइपात पाणी धरून राहतं, बटण दाबलं की धार. फुटबॉल गळका असला तर दर खेपेला आधी पाइप भरत बसा. थोड्या वेळापूर्वी वापरलेलं ॲप मोबाईल असंच भरल्या पाइपासारखं धरून ठेवतो, त्याला बॅटरी जवळपास लागत नाही. आपण ते उडवलं की पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून भरायचं, आणि तो खर्च जास्त. एखादं ॲप अडकलंच तर ढकलावं, पण रोजचा नेम म्हणून नाही. हे रॉकेट नेमकं तेच करायचं, रात्रीतून कितीतरी वेळा. मी पैसे देऊन गळका फुटबॉल बसवला नव्हता एवढंच, फुकट बसवला होता.

पुढं मी वाचलं, तर 2015 साली आलेल्या अँड्रॉइड 6 पासून 'डोझ' नावाची सोय आहेच. स्क्रीन बंद करून मोबाईल नुसता पडला असेल तर तो ॲपना सारखं उठू देत नाही, मध्येमध्ये थोडी मोकळीक देतो आणि परत झोपतो. 2018 च्या अँड्रॉइड 9 पासून तर आपण कुठलं ॲप किती वापरतो हे बघून तो हात आखडता घेतो. घरचा राखणदार होताच की. मी त्याच्यावर दुसरा बसवला आणि तो ह्याला झोपू देईना.

रॉकेट काढून टाकलं. भावाच्या ॲपचं लोकेशन 'ॲप वापरताना'वर आणलं आणि त्याच्या बॅटरीच्या पानात 'रिस्ट्रिक्टेड' केलं, म्हणजे मागं चालायला बंधन घातलं. त्या रात्री रा. 66, स. 52.

उरलेले 14 कुठं जातात? यादीत आता 'मोबाईल नेटवर्क' वर आलं होतं. आखाड्यात खाटेजवळ रेंजची एक काडी, तीही येऊन-जाऊन. रेंज कमी असली की मोबाईल टॉवर गाठायला जास्त जोर लावतो, वाऱ्याविरुद्ध हाका मारल्यासारखं. त्यात माझा कधी 5जी धरायचा, कधी सोडायचा. नेटवर्कमध्ये जाऊन 4जीवर थांबवला आणि मोबाईल उशाखालून काढून पिशवीत घालून खिडकीच्या गजाला टांगला. तिथं तीन काड्या मिळतात. रा. 63, स. 57.

इथं थांबायला पाहिजे होतं. पण माणसाला एकदा आकडा कमी करायचा नाद लागला की काही खरं नसतं. मी एका दुपारी बसून तीस-बत्तीस ॲप रिस्ट्रिक्टेड करून टाकले. रा. 65, स. 61! चार दिवस मी ज्याला त्याला कॅलेंडर दाखवत होतो.

पाचव्या दिवशी डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) काम आहे, लाईट दुपारची मिळणार, असा गावच्या ग्रुपवर सकाळीच निरोप पडला. मला तो दुपारी दोनला व्हॉट्सॲप उघडल्यावर दिसला. व्हॉट्सॲप परत 'ऑप्टिमाइझ्ड'वर, म्हणजे मधल्या सवलतीवर, आणलं, बाकीचे तसेच ठेवले.

मग मे महिना. उन्हाळी वळवाचं आभाळ येलदरीकडून भरून येत होतं. चुलतभाऊ शेजारच्या वावरातून ओरडला, "ए दादा, काय करायलास तिथं झाडाखाली? दामिनी वाजली की!" पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं केलेलं विजेचा इशारा देणारं हे ॲप माझ्याही मोबाईलमध्ये होतं. आपल्या भोवती 20 आणि 40 किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडायलीय का ते सांगतं. माझं गप्प होतं, कारण मीच त्याचं तोंड बांधलं होतं. आम्ही लिंबाखालून निघून गाडीवर गावात पोचलो आणि वेशीत असताना कडाडलं. कुठं पडली कळलं नाही. पण हात थरथरत होते, लपवत नाही.

त्याच संध्याकाळी सगळी यादी उघडून एकेक ॲपला विचारत बसलो, तू झोपलास तर माझं काय अडतं? दामिनी 'अनरिस्ट्रिक्टेड', म्हणजे मागं चालायला पूर्ण मोकळी, लोकेशन 'ऑल द टाइम'. जे भावाच्या ॲपला नको ते इथं पाहिजे. व्हॉट्सॲप, बँक, पैसे पाठवायचं ॲप 'ऑप्टिमाइझ्ड'. खेळ, खरेदी, लेकरांनी घेतलेले फोटो गोरे करणारे दोन ॲप झोपलेलेच बरे. दामिनीपायी रात्रीतून दोनेक टक्के जास्त जातात. जाऊ देत.

परवा रा. 71, स. 64. मध्यरात्री बारा वाजून दहा मिनिटांनी खिडकीतली पिशवी वाजली, थ्री फेज आली होती. सकाळी घरधनीण धार काढून आली आणि कॅलेंडरपुढे उभी राहिली. आता तिच्या मोबाईलचेही आकडे त्याच चौकोनात असतात. "दूध कुठं लिहू?" म्हणाली.