काडतुसं भरायचं यंत्र ठाण्यात जमा करताना : माझा अनुभव

घरात जुनी बंदूक असेल तर माळ्यावर काडतुसं भरायचं यंत्रही निघू शकतं. निघालंच तर ते भंगारात देऊ नका, विकू नका, कुणाला आठवण म्हणून भेटही देऊ नका. हे आधीच सांगतो, कारण मला "भंगारात टाका अन् मोकळे व्हा" हा सल्ला चक्क पोलीस ठाण्यातच मिळाला होता. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमचे आजोबा काटोलकडे शेती करायचे. रानडुकरं आणि रोही रात्रीतून शेत साफ करायची, म्हणून राखणीला बारा बोअरची दुनळी होती. काडतुसं महाग आणि ती आणायला नागपूर गाठावं लागे. म्हणून पितळी काडतुसं जपून ठेवायची आणि घरीच पुन्हा भरायची. त्यासाठी लाकडी फळीवर बसवलेलं, लांब दांड्याचं एक लोखंडी हातयंत्र होतं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि बंदूक बहुतेक कपाटातच राहिली. पुढे ती काकांच्या नावावर झाली, काकांसोबत नागपूरच्या महाल भागातल्या घरी आली आणि यंत्र माळ्यावर गेलं.

काका उन्हाळ्यात गेले. दिवस झाल्यावर माळा काढला तेव्हा बंदुकीव्यतिरिक्त थोडी भरलेली काडतुसं, रिकामी पितळी काडतुसं, टोप्यांची (काडतुसातली दारू पेटवणाऱ्या छोट्या कॅप्सची) एक डबी, बंदुकीच्या दारूचा पत्र्याचा डबा आणि ते यंत्र निघालं.

बंदुकीचं काम सोपं झालं. परवानाधारक वारला की त्याची बंदूक आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची, असं शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम २१ सांगतं. चुलतभावाने वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज केला. दारूच्या डब्याची खबर दिली तर बॉम्बशोधक व नाशक पथक घरी आलं आणि डबा व टोप्या घेऊन गेलं. ही माणसं फार नेमकेपणाने वागली. जुनी दारू आणि जुन्या टोप्या केव्हा दगा देतील सांगता येत नाही. डबा ऑटोत ठेवून ठाण्यात नेऊ नका, नाल्यात ओतू नका, उघडून वासही घेऊ नका. आमच्या शेजाऱ्यांनी "सेमिनरी हिल्सला स्फोटकांचं मोठं ऑफिस आहे, तिथे देऊन या" असं सुचवलं. पेसोचं, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संस्थेचं, मुख्यालय नागपुरात आहे हे खरं, पण तिथलं काम कारखाने, गोदामं आणि त्यांचे परवाने बघण्याचं. घरातला डबा उचलून तिकडे जायचं नसतं.

उरलं यंत्र. दिवाळी उलटेपर्यंत ते उरलंच.

ठाण्याचं नाव लिहीत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा टेबलावरच्या हवालदारांनी मोबाइलवरचा फोटो पाहिला आणि म्हणाले, "हे काय होय जी? रसवंतीची मशीन?" मी सांगितलं, काडतूस भरायचं यंत्र आहे, जमा करून घ्या. त्यांनी रजिस्टर ओढलं.

"नंबर सांगा."

"याला नंबर नाही जी."

"मंग घेऊ कसं? हत्याराले नंबर असते."

"हे हत्यार नाही, पण कायद्यात दारूगोळ्यात येतं."

"दारूगोळा म्हंजे गोळ्या. हे लोखंड आहे. भंगारात टाका अन् मोकळे व्हा."

मी कायद्याची प्रत घेऊनच गेलो होतो. कलम २ मध्ये दारूगोळ्याची व्याख्या आहे. त्यात दारूगोळ्याचे भाग आणि दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्री हे दोन्ही येतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हे यंत्र काडतुसाच्याच रांगेत बसतं. दारूगोळा बनवायला आणि विकायला कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. बंदुकीच्या परवान्यात ते बसत नाही. विनापरवाना बनवलं किंवा विकलं तर कलम २५ आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. हे सगळं मी बोटाने ओळ दाखवून वाचलं. त्यांनी प्रत परत दिली आणि "साहेब आले की या" म्हणाले.

साहेब कधी बंदोबस्तात, कधी कोर्टात. गणपती आले, मग नवरात्र, मग दीक्षाभूमीचा बंदोबस्त. पोलिसांवर कामाचा किती बोजा आहे हे मला दिसत होतं. पण दर वेळी टेबलावर वेगळा माणूस असायचा आणि प्रत्येकाचा पहिला शब्द "नंबर" हाच. एकाने शस्त्रविक्रेत्याकडे पाठवलं. विक्रेता म्हणाला, माझ्या साठ्याच्या वहीत यंत्र कुठे दाखवू? त्याचंही बरोबर होतं. घरी काकू रोज विचारायच्या, "गेलं का रे ते?" त्या वस्तूसोबत त्या घरात एकट्या राहत होत्या. त्यातच एका लांबच्या नातेवाइकाचा मुलगा घरी आला. अमेरिकेत लोक असल्या यंत्रांवर घरी काडतुसं भरतात, त्याचे व्हिडिओ त्याने पाहिलेले. म्हणाला, मला द्या, चांगले पैसे देतो. अमेरिकेत चालतं ते तिथल्या कायद्याने. त्याला मी दारातूनच परत पाठवलं आणि त्याच संध्याकाळी ठरवलं की आता तोंडी बोलणं बंद.

पोलीस निरीक्षकांच्या नावाने एक पानी अर्ज लिहिला. काका केव्हा वारले, बंदूक कोणत्या पोचेने जमा केली, यंत्र कुठे सापडलं, कोणत्या कलमाखाली जमा करायचं आहे आणि आजवर ठाण्यात काय उत्तर मिळालं. फोटो जोडले. ठाण्यात आवक शिक्का द्यायला तयार होईनात, म्हणून अर्ज स्पीड पोस्टने पाठवला आणि प्रत परिमंडळाच्या उपायुक्तांना. तुम्ही हे पहिल्याच आठवड्यात करा. आवक शिक्का किंवा पोस्टाची पावती हातात नसेल तर तुम्ही ठाण्यात गेला होता याला काहीही पुरावा नसतो, आणि उद्या यंत्र तुमच्या घरात सापडलं तर "मी सांगायला गेलो होतो" याला कोण विचारतो?

मग फोन आला. निरीक्षकांनी अर्ज वाचला, कलम वाचलं आणि एवढंच म्हणाले, "नंबर नसेल तर 'नाही' लिहा आणि वर्णन घ्या." झालं! पूर्ण पावसाळा ज्यावर अडला तो रकाना एका शब्दाने भरला.

पंचनामा मात्र घाईत होऊ देऊ नका. पहिल्या मसुद्यात "एक लोखंडी मशीन" असं लिहिलं होतं. मी सही केली नाही. तशा पोचेवरून आपण शिलाई मशीन दिलं की पिठाची चक्की, काय कळणार? मग उंची, वजन, हिरवा उडालेला रंग, दांड्यावरची ओतीव इंग्रजी अक्षरं, लाकडी फळी, "काडतुसे पुन्हा भरण्यासाठी वापरावयाचे" हे शब्द, आणि रिकाम्या पितळी काडतुसांची मोजून संख्या, असं सगळं लिहून घेतलं. रिकामी काडतुसंही द्या, शोभेला ठेवू नका. पंच म्हणून शेजारचे औषध दुकानदार आणि गल्लीतले एक निवृत्त शिक्षक आले. मुद्देमाल कारकुनाने पोच दिली तेव्हा मी ती तिथेच उभा राहून पूर्ण वाचली, आणि वाचताना मला अभिमान वाटला.

आता आठवतील तशा गोष्टी. यंत्र फळीवरून सोडवण्याआधी जागेवरच फोटो काढा. मृत्यूच्या दाखल्याच्या साक्षांकित प्रती जास्तच काढून ठेवा. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा केल्याच्या जुन्या पावत्या फेकू नका. बंदुकीचा क्रमांक त्यावर असतो आणि जुन्या परवान्यावरची शाई पुसट झाली असेल तर त्याच कामी येतात. शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तांकडे असतं, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. मूळ परवाना गावचा असेल तर तिकडचीही फाइल लागते.

पोचेची एक प्रत चुलतभावाच्या परवान्याच्या कागदांना जोडली आहे. पडताळणीला आलेल्या पोलिसांनी बंदुकीबद्दल विचारून झाल्यावर "अजून काही होतं का घरात?" असं विचारलं. काकूंनीच उठून तो कागद आणून दिला. त्यांनी तो वाचला, क्रमांक टिपून घेतला आणि पुढचा प्रश्न विचारला.