मीटर बरोबर होतं, तरीही

मी वीज मीटर तपासायचं काम करतो. 'मीटर जोरात पळतंय' ही तक्रार रोजचीच. त्या दिवशीच्या आजींचीही तीच होती, फक्त त्यांनी दोन वर्षांची बिलं तारखेवार लावून सुतळीने बांधून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दरवाढीवर जाहीर सुनावणी होती आणि तिथे त्या बोलणार होत्या.

"तुम्ही मीटर बरोबर आहे असंच सांगणार, मला माहितेय," त्या दारातच म्हणाल्या. मला राग आला नाही. आमच्याकडून लोकांना बहुतेक वेळा तेवढंच ऐकायला मिळतं.

तपासणीचं यंत्र लावलं, लोड दिला. फरक मर्यादेच्या आत. मीटर खरोखरच बरोबर होतं. इथे खरं तर फॉर्मवर खूण करून निघायचं असतं. पण आजींनी एक कागद पुढे केला. त्या ८ दिवस लेकीकडे गेल्या होत्या. जाताना फ्रीजसुद्धा बंद केला होता आणि जातानाचं, आल्यावरचं रीडिंग पेन्सिलीने टिपून ठेवलं होतं. बंद घरात २४ युनिट.

मी म्हटलं, "आजी, घरातली सगळी बटणं बंद करा. मेन स्विच मात्र चालू राहू द्या."

मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो, तो नुसता शोभेचा नसतो. त्या मीटरवर छापलं होतं, एका युनिटला ३२०० लुकलुक. बटणं बंद, पंखे थांबलेले, आम्ही दोघं मीटरसमोर उभे. दिवा लुकलुकला. घड्याळ बघितलं. ९ सेकंदांनी पुन्हा. परत ९ सेकंदांनी. म्हणजे तासाला ४००, दिवसाला ३ युनिट. ८ दिवसांचे २४. आजींची पेन्सिल आणि माझं घड्याळ अगदी जुळलं.

मग एकेक फ्यूज काढत गेलो. पाण्याच्या मोटरचा काढला आणि दिवा थांबला. मोटरचं बटण तर बंद होतं! बोर्ड उघडला तेव्हा कळलं: वायरिंग करणाऱ्याने बटण फेजऐवजी, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या तारेऐवजी, न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर घातलं होतं. बटण बंद केलं की मोटर थांबायची, पण तारेतला करंट तसाच राहायचा. टाकीजवळ मातीत गेलेली केबल सोललेली होती, तिथून अर्धा अँपिअर रात्रंदिवस जमिनीत जात होता. ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर आपोआप पडून वीज तोडणारा आरसीसीबी हा सुरक्षा स्विच त्या घरात असता, तर हे पहिल्याच दिवशी उघडकीला आलं असतं. आणि त्याच जागी आजी रोज अनवाणी झाडांना पाणी घालत होत्या. माझ्या हातापायातलं बळच गेलं. बिलाचं सोडा, त्या वाचल्या हेच मोठं.

मोटरची लाइन तोडली, वायरमनला बोलवायला सांगितलं. तरी आजींचं समाधान झालं नव्हतं. "महिन्याचे ९० युनिट या तारेचे. बाकीच्याचं काय?" बिलावरच्या 'स्थिर आकार' या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "घर बंद असतं तेव्हाही हे द्यायचं?"

हा प्रश्न मला टाळता आला असता, पण टाळणं बरं वाटलं नाही. मी समोर बसलो. वीज वापरा न वापरा, तुमच्या दारापर्यंतची तार, खांब, ट्रान्सफॉर्मर तयार ठेवावेच लागतात. त्याचा खर्च युनिटांवर अवलंबून नसतो. जॉन हॉपकिन्सन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९२ मध्येच हे मांडलं होतं आणि दोन भागांच्या बिलाची कल्पना तिथून पुढे आली. तत्त्व मला पटतं. पण तो खर्च कुणाकडून किती घ्यायचा, याचं उत्तर तारेत सापडत नाही. थोडी वीज जाळणाऱ्या घराने मोठ्या घराइतकाच स्थिर आकार भरला, तर त्याला प्रत्येक युनिट महाग पडतो. छतावर सौर पॅनेल लावणाऱ्यांचे युनिट कमी झाले, तर तारांचा खर्च उरलेल्यांवर येतो का, हाही वाद त्यातलाच. हे ठरतं ते सुनावणीत, आणि तिथे बहुतेक वेळा उद्योगांचे, संघटनांचे लोक तयारीने येतात. एकट्या घराचं बिल घेऊन येणारे थोडेच असतात.

"म्हणजे मी उद्या मीटरबद्दल बोलू नको," आजी म्हणाल्या.

"नका बोलू. ते लगेच खोडून काढतील. या ओळीबद्दल बोला."

त्यांनी बिल उलटं केलं आणि मला दोन गणितं लिहायला लावली: स्थिर आकार भागिले गळती वजा केलेले युनिट, आणि तेवढाच स्थिर आकार भागिले दुप्पट युनिट. मग स्वतःच्या हाताने पुन्हा ताळा करून बघितला. माझ्या फॉर्मवर मीटरसाठी दोनच चौकटी होत्या, बरोबर आणि सदोष. मी 'बरोबर'वर खूण केली आणि शेऱ्याच्या रकान्यात जागा पुरेल तेवढं त्या तारेबद्दल लिहिलं. निघताना बघितलं, आजींनी सुतळी सोडली होती आणि गठ्ठ्यातून ते एकच बिल पिशवीत ठेवत होत्या.