मागच्या चाकाचा सूर

चाक पुसताना फडक्याचा धागा कुठेतरी अडकला म्हणून वाकून बघितलं, तर रिममध्ये, म्हणजे चाकाच्या बाहेरच्या कड्यात, निपलच्या (स्पोक आवळायच्या बारीक नटाच्या) भोकापासून निघालेली केसाएवढी चीर. मग अख्खं चाक फिरवून मोजलं. पाच भोकांना चिरा, आणि पाचही चेनच्या बाजूची. ब्रेक घासून घासून रिम झिजली असती तर निदान वसूल झाल्यासारखं वाटलं असतं. ही ताणानंच फाटायला आली होती.

तिला कशाला बोल लावू? ती निवडताना मी एकच रकाना वाचला होता, वजनाचा. ४०० ग्रॅमच्या आतबाहेर, भोकं २४, आणि वर बसणारा गडी ८६ किलोचा. चाक दर महिन्याला आऊट व्हायचं, म्हणजे फिरताना डगडगायचं, मी दर महिन्याला आऊट काढायचो, म्हणजे चेनच्या बाजूचे स्पोक अजून थोडे आवळायचो. असं आवळत आवळतच रिमचा जीव घेतला.

या वेळी उलटीकडून सुरुवात केली: आधी फ्रेम आणि ब्रेक, मग टायर, मग हब (चाकाचा मधला तुंबा) आणि सगळ्यात शेवटी रिम. माझी सायकल रिम ब्रेकची, त्यामुळे डिस्कवाल्या निम्म्याहून जास्त रिम आपोआप गळल्या. उरलेल्यांत आतली रुंदी बघायची. एके काळी सगळे ज्या रिमवर चाकं बांधायचे, त्या जुन्या मॅव्हिक ओपन प्रोची आतली रुंदी १५ मिलिमीटर. २३ च्या टायरला ते शोभायचं. २८ चा टायर त्यावर चढवला की मान बारीक आणि डोकं मोठं, अगदी विजेच्या बल्बसारखा. १९ मिलिमीटरवर तोच टायर नीट बसतो, पण थोडा फुगतोही. म्हणून टायरवर छापलेल्या आकड्यावर न जाता फ्रेममधली जागा व्हर्नियरनं मोजून घेतली. रिम बाहेरून रुंद झाली की ब्रेकचे हातही तितके उघडावे लागतात. माझे उघडतात, जेमतेम.

हूकलेसचा, म्हणजे टायर धरून ठेवणारा कडेचा हूक नसलेल्या रिमचा मोह मात्र अजिबात झाला नाही. रोडसाठी तिथे हवेची मर्यादा ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय. माझ्या वजनाला मागच्या टायरमध्ये तेवढ्यावर भागत नाही. कडेला हूक असलेली रिम बरी, टायर कुठला घालायचा याचीही कटकट नाही.

भोकांचा प्रश्न हबनंच सोडवला. खणात ३२ भोकांचा हब पडून होता, रिमही ३२ चीच लागणार. २० किंवा २४ स्पोकांची तयार चाकं टिकतात, पण त्यांच्या रिम बहुधा खोल आणि कडक असतात. चपट्या, हलक्या रिमला कमी भोकं म्हणजे माझ्या जुन्या चाकाची पुढची आवृत्ती. ३२ भोकांची, ४६० ग्रॅमची रिम घेतली तर ५०-६० ग्रॅम वाढतात. पाण्याच्या बाटलीतले तीन घोट. आठवडाभर मी त्या तीन घोटांसाठी भांडत होतो, तेही स्वतःशीच.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मुलगी गाणं शिकते. जुनं चाक स्टँडवर होतं, तिनं येता-जाता बोटानं स्पोक छेडले आणि म्हणाली, "बाबा, डावीकडच्या तारा उतरल्यात."

"उतरल्या नाहीत, तशाच असतात."

"पण केवढ्या! इकडे तीव्र मध्यम धरला तर तिकडे सा येतोय."

मी गप्प. कारण गणित तंतोतंत तेच सांगतं. मागच्या हबवर उजवीकडे कॅसेटला, म्हणजे दातेरी चक्रांच्या जुडग्याला जागा द्यावी लागते, त्यामुळे उजवी फ्लँज, म्हणजे स्पोक अडकवायची हबची चकती, मध्याच्या जवळ येते. माझ्या हबवर मध्यापासून उजवी १८ मिलिमीटर, डावी ३६. रिम मधोमध राहायची तर ताण उलट्या प्रमाणात लागतो: उजवीकडे १२० किलो ओढ, तर डावीकडे जेमतेम ६०. तारेचा सूर ताणाच्या वर्गमूळाप्रमाणे चढतो. ताण दुप्पट, तर सूर १.४१ पट, आणि सा पासून तेवढा वर म्हणजे तीव्र मध्यमच. असे ढिले डावे स्पोक प्रत्येक खड्ड्यात क्षणभर सैल पडतात, निपल हळूहळू फिरतात आणि चाक आऊट होतं.

यावर उपाय रिममध्येच आहे, आणि तो नवाही नाही. वेलोसिटी कंपनीची एरोहेड ओसी ही रिम कित्येक वर्षांपूर्वीची. अशा रिममध्ये स्पोकांची भोकं मध्यावर नसतात, डावीकडे दोन-तीन मिलिमीटर सरकवलेली असतात. मी घेतली तिच्यात २.८ आहेत. म्हणजे उजवीकडे १८ चे २०.८ झाले, डावीकडे ३६ चे ३३.२. डावा ताण उजव्याच्या ५० टक्क्यांवरून थेट ६३ वर. तीव्र मध्यम उतरून गंधाराच्या आसपास आला. वजन तेच, भोकं तेवढीच, फक्त जागा बदलली. पुढच्या चाकाला याची गरज नाही, तिथे साधी रिम.

रिमची खोली २४ मिलिमीटर घेतली. ब्रेकची पट्टी चांदीच्या रंगाची, कारण काळी पट्टी ब्रेक लागून चट्ट्याचट्ट्यांनी उडते आणि दिसायला वाईट दिसते. जोड वेल्ड केलेला की नुसता पिनांवर, यावर लोक तासन् तास बोलतात. ब्रेक लावताना ठक ठक होत नसेल तर मला दोन्ही चालतात.

रिम हातात आल्यावर पहिलं काम ईआरडी मोजायचं, म्हणजे समोरासमोरच्या स्पोकांची टोकं जिथे येतात तिथला रिमचा व्यास, छापील आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. मागे एकदा ठेवला होता. रिमचं नाव तेच, पण आतला घाट कंपनीनं बदललेला, आणि मी जुना आकडा घेऊन स्पोक मागवले. तीन मिलिमीटर लांब निघाले, निपलमधून वर आलेली टोकं रिम टेपला टोचायला लागली. आता २६० मिलिमीटरचे दोन जुने स्पोक त्यासाठीच ठेवलेत. समोरासमोरच्या भोकांत, पहिल्या आणि सतराव्या, घालायचे, स्पोकचं टोक निपलच्या खाचेच्या तळाशी येईपर्यंत आवळायचं, ताठ ओढून मधलं अंतर पट्टीनं घ्यायचं. ७३ आलं. चाक थोडं फिरवून पुन्हा, ७३. तिसऱ्यांदा ७४. २६० दुणे ५२० अधिक ७३, म्हणजे ५९३. छापलं होतं ५९६. त्रिज्येत दीड मिलिमीटरचा फरक, म्हणजे स्पोकही तेवढाच लांब आला असता.

काल रात्री स्पोक भरायला घेतले. उजवीकडचे आठ झाल्यावर सहज वरून बघितलं. व्हॉल्वचं भोक बरोबर मधोमध, आणि स्पोकांची भोकं त्याच्या एका अंगाला सरकलेली. कॅसेटच्या अंगाला. रिम उलटी धरली होती.

आठही काढले. परत बसलो.