ग्रेटशेन, आठवडा अकरावा: चाक पुन्हा फिरलं

शूबर्टचं ‘ग्रेटशेन अम श्पिनराडे’ हे गाणं आम्ही बसवतोय: ताई गाते, मी पियानोवर. शब्द गोएथेच्या ‘फाउस्ट’ नाटकातले; ग्रेटशेन सूत कातत प्रियकराला आठवते आणि तिचं चाक पियानोत फिरत राहतं. काल रात्री त्यातली एक अवघड जागा पहिल्यांदा मनासारखी वाजली. ‘उंट आख, झाइन कुस!’ (आणि हाय, त्याचं चुंबन!) नंतरची. ताईचा आवाज वरच्या ‘जी’ सुरावर पोचतो, पियानो थांबतो आणि मग सूतकताईचं चाक पुन्हा सुरू करायचं असतं. दोनदा अडखळतं, तिसऱ्यांदा चालू लागतं. नोटेशनमध्ये हे सगळं जेमतेम ओळभर आहे, आणि माझे तीन आठवडे त्यातच गेले.

आधी मी ते मोजून वाजवत होते. शूबर्टने वेग दिलाय मिनिटाला ७२ ठोके, मेट्रोनोम त्यावर लावला, फर्माटावर (सूर लांबवून थांबायची खूण) मनात चार मोजले, पुन्हा सुरू. रेकॉर्डिंग ऐकलं तर कुणीतरी बटण बंद करून चालू केल्यासारखं. मग सैल सोडून पाहिलं, तर नुसतं रेंगाळलेलं. ताई म्हणाली, “अगं, मी श्वास घेतलेला तू बघतेस, पण ऐकत नाहीस.” बरोबर होतं तिचं, तरी हात काही ऐकेना.

उत्तर सापडलं आजीच्या शिलाई मशीनपाशी. मी इतके दिवस डोळ्यांपुढे चरखा धरला होता, आणि तो हाताने फिरतो. ग्रेटशेनचं चाक पायाने चालतं. आजीचं मशीनही पायाचंच. पायाखालची पट्टी नको त्या जागी थांबली असेल तर पाय दाबून चाक हलत नाही, किंवा उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. आजी हाताने चाकाला हलकी ढकल देते, पाय मागून येतो. पहिली फेरी जड, दुसरी थोडी कमी, मग चाक स्वतःच पायाला ओढून नेतं. मी वीस मिनिटं तेच करत बसले आणि तशीच उठून पियानोवर गेले. त्या दोन अडखळण्यांत आता वजन आहे. ग्रेटशेनला सूत कातायचंच नाहीये, पाय सवयीने हलतोय.

गोएथेच्या ओळींत चाकाचा उल्लेखसुद्धा नाही. ते आहे फक्त रंगसूचनेत. १८१४ मध्ये सतरा वर्षांच्या शूबर्टने ते उचलून पियानोच्या उजव्या हातात ठेवलं, आणि ग्रेटशेन भान हरपते तिथे नेमकं थांबवलं. मला हे अजून पचलेलं नाही.

पेडलबद्दल: माझा पियानो डिजिटल. दुकानदाराने हाफ-पेडल (पेडल अर्धवट दाबणं) चालेल म्हणून सांगितलं होतं, प्रत्यक्षात चालू किंवा बंद एवढंच होतं. पेडल दाबलं की चाकाच्या भरभर धावणाऱ्या सुरांचा चिखल होतो. सध्या बिनपेडलच वाजवतेय आणि बोटांच्या लेगाटोला (सूर न तोडता जोडून वाजवण्याला) त्याने फायदाच झालाय. डिजिटल पियानोवाल्यांनी महिनाभर करून बघा.

पुढे शूबर्टचंच दुसरं गाणं ‘एर्लक्योनिग’ घेणार असं मागच्या वेळी लिहिलं होतं. ते थांबवते. लिहिता लिहिता शेवट डोक्यात आला: गोएथेची कविता चुंबनांत विरून जाण्याच्या इच्छेवर संपते, शूबर्ट मात्र ‘माझी शांती गेली, मन जड झालं’ या ओळी पुन्हा आणतो. तिथे मी आजवर वेग कमी करत होते. पण चाक थांबतं कुठे? आवाज विरतो, पाय चालूच असतो. रविवारी ताई आली की वेग तोच ठेवून शेवट वाजवून बघणार, मशीनवर आणखी थोडा वेळ बसून मग.