नक्की सांगा, तेल आहे की नाही?

समुद्राखाली तेल शोधणं आणि विहीर खोदण्याआधी ते लागण्याची शक्यता टक्क्यांत सांगणं हे माझं काम. नक्की का सांगता येत नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दादरला कुठल्याही लग्नाला गेले की कोणी ना कोणी काका पंगतीत गाठतातच. ‘समुद्राखाली काय आहे ते कॉम्प्युटरवर दिसतं ना? मग वीस टक्के, तीस टक्के काय सांगत बसता?’

काका, सिस्मिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून काढलेल्या चित्रात, खडकांच्या थरांचा आकार दिसतो. त्यात तेल आहे की खारं पाणी, हे बहुतेक वेळा दिसत नाही. बॉम्बे हायचा उंचवटा रशियन जहाजाच्या सर्वेक्षणात साठच्या दशकातच दिसला होता. तेल मात्र सापडलं फेब्रुवारी १९७४ मध्ये, ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या रिगने तिथे विहीर खोदली तेव्हा.

वीस टक्के आम्ही हवेतून काढत नाही. तेल बनवणारा खडक पुरेसा तापला असेल का? ०.८. तेल मुरेल असा सच्छिद्र खडक? ०.७. ते अडवणारा ट्रॅप, म्हणजे तेल साचून राहील अशी थरांची रचना, वेळेत तयार झाला होता? ०.६. वरचं सील, म्हणजे तेल गळू न देणारा थर, घट्ट? ०.६. करा गुणाकार. यातलं एक जरी हुकलं तरी विहीर कोरडी.

माझ्या एका प्रॉस्पेक्टवर, म्हणजे तेल असू शकेल अशा जागेवर, नेमकं हेच गणित होतं. चुनखडक अपेक्षित खोलीच्या आसपासच लागला. गॅसचं रीडिंग चढलं. कटिंग्ज, म्हणजे खोदताना वर येणारे खडकाचे तुकडे, अतिनील दिव्याखाली पिवळट चमकल्याचा, म्हणजे तेलाच्या खुणेचा, निरोप रिगवरून आला, तेव्हा मी ऑफिसातच थांबले, शेवटची लोकल सोडली. पहाटे लॉग, म्हणजे विहिरीत उपकरणं सोडून घेतलेली मोजमापं, आले. सच्छिद्रता उत्तम, रेझिस्टिव्हिटी, म्हणजे विजेला होणारा विरोध, जो तेलात जास्त आणि खाऱ्या पाण्यात कमी असतो, तळाला. पाणी! तेल त्या खडकातून गेलं होतं, थांबलं नव्हतं.

सकाळच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, पाचातल्या चार वेळा हे होणारच होतं. वित्त विभागाचे साहेब शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, तेल लागलं असतं तरी तुमचे वीस टक्के बरोबरच ठरले असते. मग तुम्ही चुकलात हे आम्हाला कळणार कधी?’

मला राग आला. अजूनही येतो. उत्तर आहे हो: शंभर विहिरींचे अंदाज आणि निकाल शेजारी ठेवा, मग कळेल. पण एका बेसिनमध्ये, म्हणजे गाळाच्या खडकांच्या एका खोऱ्यात, एकसारख्या शंभर विहिरी आम्हाला कोण खोदू देणार? नोकरीला लागले तेव्हा मी सीनियर लोकांशी भांडायचे, की ‘चांगला वाटतो’ असं मोघम लिहू नका, आकडा लिहा. ती मुलगी आज समोर आली तर तिला साहेबांचाच प्रश्न विचारीन. ती गप्प बसणार नाही, एवढं नक्की.

तेल का थांबलं नाही, यावर आमच्यात आजही एकमत नाही. मी म्हणते, ट्रॅप उशिरा तयार झाला, तोवर तेल पुढे सरकलं होतं. सहकारी म्हणतो, कडेच्या फॉल्टमधून, म्हणजे खडकातल्या भेगेतून, गळलं. तोच फॉल्ट शेजारच्या प्रॉस्पेक्टलाही लागून आहे. तिथे सीलपुढे मी ०.६ लिहिलंय, त्याने ०.३. डेटा दोघांकडे एकच आहे.