टर्नरच्या गाळ्यातली हत्यारं विकताना

मैत्रिणीचे यजमान टर्नर, म्हणजे लेथवर धातू फिरवून कातणारे कारागीर. भोसरीत त्यांचा भाड्याचा गाळा होता. सहा फुटी लेथ, पिलर ड्रिल, बेंच ग्राइंडर आणि तीस वर्षांत एकेक करून घेतलेली हत्यारं. ते गेल्यानंतर पंधरवड्यातच एक जण येऊन गाळ्यातल्या सगळ्या सामानाचा मिळून एक आकडा सांगून गेला. "हा भाव बरोबर आहे का गं?" तिनं मला विचारलं, कारण मोजमापाची उपकरणं तपासणं हे माझं रोजचं काम. मिळून सांगितलेला आकडा तपासताच येत नाही. त्यात लेथ कितीला धरला, मायक्रोमीटर कितीला आणि कार्बाइड (अतिकठीण धातूची कटिंग टूल्स) कितीला, हे विचारायला जागाच उरत नाही. म्हणून त्याला नकार न देता "यादी झाली की कळवते" एवढंच सांगायला लावलं.

विकायची घाई नव्हती, पण गंजाची होती. पावसाळा तोंडावर होता आणि बंद गाळ्यात दोन आठवड्यांत लेथच्या बेडवर, म्हणजे लांब पायावर, लाली चढते. पहिल्या दिवशी आधी तेवढंच केलं. रॉकेलच्या फडक्यानं बेड, टेलस्टॉक (जॉबला दुसऱ्या टोकानं आधार देणारा भाग) आणि चकचे (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागाचे) जॉ पुसले, वर जाड तेलाचा हात फिरवला. कूलंटची (कापताना टूल थंड ठेवणाऱ्या द्रवाची) टाकी उपसून टाकली, कारण साचलेलं कूलंट कुजतं आणि बेडखालून गंज धरतं. डिजिटल व्हर्निअरमधले सेल काढून ठेवले. मायक्रोमीटर आणि स्लिप गेजना (ठरावीक मापाच्या अचूक ठोकळ्यांना) पातळ पेट्रोलियम जेली. पॉलिश पेपर कुठेही वापरला नाही. मोजणाऱ्या तोंडावर पॉलिश पेपर एकदा फिरला की ते उपकरण संपलं, आणि लेथ घासूनपुसून ताजा रंग मारला तर जाणकार गिऱ्हाईक आधी विचारतं की खाली काय लपवलंय.

त्याच दिवशी कुलूप बदललं. किल्ली कुणाकुणाकडे होती हे तिला नक्की माहीत नव्हतं आणि त्यात कुणावर संशय घेण्यासारखं काही नव्हतं. लहान गाळ्यांत हत्यारं एकमेकांकडे जात-येत असतात. शेजारच्या दोन गाळ्यांत जाऊन "आमचं काही तुमच्याकडे, तुमचं काही आमच्याकडे?" असं सरळ विचारलं. एक बोअर डायल (भोकाचा आतला व्यास मोजणारा) परत आला, आपल्याकडचे दोन रीमर (भोक अचूक मापाला आणणारे) त्यांना गेले.

यादीआधी दुसऱ्याचं सामान बाजूला काढणं फार महत्त्वाचं आहे. जॉबवर्कच्या, म्हणजे दुसऱ्याचं काम करून देणाऱ्या, गाळ्यात पार्टीचा (काम देणाऱ्याचा) कच्चा माल, अर्धवट जॉब, ड्रॉइंग, प्लग गेज (भोकाचं माप तपासणारे) आणि फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारे) पडलेले असतात. प्लग गेजवर पार्टीचा नंबर कोरलेला असेल तर ते विकायचं नाही. चलनांची फाइल काढून ज्याचं त्याला लेखी पोचवलं आणि पोच घेतली. ऑक्सिजन आणि डीएचे (अ‍ॅसिटिलीन गॅसचे) सिलिंडरही बहुधा आपले नसतात, ते गॅस देणाऱ्याचे असतात आणि आपली असते फक्त अनामत. भंगारवाला ते खुशाल उचलतो आणि मग पुरवठादार अनामत कापतो. पावती शोधून सिलिंडर परत केले. लेथ कर्जावर घेतलेला आणि बँकेकडे तारण असेल, तर बँकेच्या ना-हरकत पत्राशिवाय हात लावता येत नाही. इथं कर्ज फिटलेलं होतं, पण बँकेचं तसं पत्र फाइलला लावलं. विकत घेणारा ते मागतोच.

मग वारस. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगा, मुलगी आणि हयात असलेली आई या सगळ्यांचा सारखा हिस्सा असतो. सासूबाईंचा हिस्सा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तिनं सासूबाईंना आणि दोन्ही सज्ञान मुलांना बसवून यादी वाचून दाखवली आणि "विक्रीला आमची हरकत नाही, पैसे हिच्या खात्यात जमा व्हावेत" अशा एका कागदावर सह्या घेतल्या. हत्यारं विकताना आमच्याकडे याहून अधिक कुणी मागितलं नाही. जीएसटी नोंदणी असेल तर मात्र ती रद्द करण्यापूर्वी कर सल्लागाराला भेटा. मशीनवर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलेलं असेल तर विक्रीच्या वेळी त्याचा हिशेब निघतो.

यादीसाठी दोनशे पानी वही घेतली. रकाने असे: अनुक्रमांक, वस्तू, माप, मेक, स्थिती, पेटी आहे की नाही, आणि शेवटी ठेवायचं, विकायचं की परत द्यायचं. हा शेवटचा रकाना तिनं एकटीनं भरला, मी पेन हातात घेतलं नाही. खंडेनवमीच्या कुंकवाचे डाग असलेला जुना बेंच व्हाइस तिनं 'ठेवायचं' मध्ये टाकला. तो विकला असता तर चांगला भाव आला असता, पण तो प्रश्नच नव्हता. ठेवायचं ते सगळं त्याच दिवशी घरी नेलं, कारण गाळ्यात राहिलेली वस्तू गिऱ्हाईक मागतंच आणि मग नकार देताना तिला त्रास होतो.

आता किमतीचा खरा भाग. आकाराच्या मानानं सगळ्यात जास्त पैसे मोजमापाच्या उपकरणांत असतात आणि सगळ्यात जास्त फसगतही तिथंच. मायक्रोमीटर ० ते २५ मिमीचा असेल तर तोंडं पुसून रॅचेटनं बंद करायचा आणि शून्य बघायचं. २५ ते ५० चा असेल तर त्याच्यासोबतच्या २५ मिमीच्या स्टँडर्डवर तपासायचा. शून्य दोन-तीन भाग हललेलं असेल तर तो दोष नाही, छोट्या पान्यानं स्लीव्ह फिरवून ते जुळतं. पण ५, १०, १५, २० मिमीच्या स्लिपवर वेगवेगळी चूक दिसली तर स्क्रू झिजलाय, आणि तो अर्ध्या भावाचाही नाही. व्हर्निअरचे जॉ बंद करून उजेडासमोर धरायचे. टोकाशी उजेड दिसला तर टोक झिजलंय. डायल गेजचा प्लंजर दहादा दाबून सोडायचा, काटा प्रत्येक वेळी त्याच रेघेवर यायला हवा.

स्लिप गेजची पेटी ८७ नगांची होती, मापं मिमीत. १.००१ ते १.००९ चे ९, १.०१ ते १.४९ चे ४९, ०.५ ते ९.५ चे १९, १० ते ९० चे ९ आणि एक १.००५. मोजल्यावर १.०८ चा नग सापडेना. तो पार्टीला परत करायच्या गेजच्या डब्यात निघाला. एक नग कमी असलेली पेटी निम्म्यावर येते, म्हणून डबे रिकामे करून शोधणं परवडतं. व्ही ब्लॉक जोडीनं घासलेले असतात आणि दोन्हींवर एकच नंबर असतो. ती जोडी तोडून विकायची नाही.

कॅलिब्रेशनचं (अचूकता तपासल्याचं) प्रमाणपत्र सगळ्यांचं करून घेऊ नका. खर्च वसूल होत नाही. स्लिप गेज आणि बोअर डायल तेवढे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवले. बाकीच्यांची नोंद मी स्वतः वहीत केली, चुकीसकट, आणि गिऱ्हाइकाला तीच वही दाखवली.

लेथसाठी कागदापेक्षा चालू मशीन बोलतं. थ्री फेज कनेक्शन विक्री होईपर्यंत बंद करू नका. दर महिन्याचं स्थिर आकाराचं बिल वाचवायला मीटर काढला की लेथ 'बंद मशीन' होतो आणि भाव तिथंच कोसळतो. आम्ही तीन गोष्टी तपासून ठेवल्या. एक, कॅरेज (टूल धरून बेडवर सरकणारा भाग) चकजवळ आणून गिब (तिची ढिलाई काढणारी पट्टी) एवढी आवळायची की हलका दाब देऊन सरकेल, मग टेलस्टॉककडे न्यायची. तिकडे जाता जाता घट्ट होत गेली तर चकजवळचा बेड झिजलाय. आमच्याकडे झाली, कारण वर्षानुवर्षं आखूड जॉब त्याच फूटभर जागेत चालले होते. दोन, चकमध्ये ३० मिमीचा बार टेलस्टॉकच्या आधाराशिवाय धरून दीडशे मिमी अंतरावर दोन कॉलर हलक्या कटनं टर्न करायच्या आणि फरक मोजायचा. आमचा ०.०३ मिमी आला. तीन, क्रॉस स्लाइडचं (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाचं) हँडल उलटं फिरवल्यावर किती भाग रिकामे जातात ते डायल लावून बघायचं. हे तिन्ही आकडे कागदावर लिहून लेथवरच चिकटवले. झीज आपणच सांगितली की घासाघीस तेवढ्यापुरतीच राहते.

लेथची किंमत त्याच्या सुट्या सामानातही असते आणि ते खोलीभर विखुरलेलं असतं. थ्री जॉ चकचे उलटे जॉ, फोर जॉ डॉग चक, फेस प्लेट, स्टेडी, रिव्हॉल्व्हिंग सेंटर, चकची किल्ली. चेंज गिअरमध्ये (आटीचं माप बदलायच्या दातेरी चाकांत) १२७ दातांचं चाक आहे का ते आवर्जून शोधा. इंची लीड स्क्रूवर (आटी पाडताना कॅरेज ओढणाऱ्या लांब स्क्रूवर) मिमीची आटी पाडायला तेच लागतं, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिमी आणि १२७ ला ५ नं भागलं की २५.४ येतात. आमचं चाक दाराला टेकण म्हणून लावलेलं होतं. घासून लेथसोबत ठेवलं.

कटिंग टूल्समध्ये गठ्ठा विकणं म्हणजे तोटा. आटी पाडायचे टॅप तीन-तीनच्या संचात लावले, एम ६, एम ८, एम १०, इंची वेगळे. तिसरा नसेल तर संच धरायचा नाही. ड्रिल आणि रीमर एकमेकांवर आपटू नयेत म्हणून जाळीच्या नळीत. इन्सर्टच्या (टूलच्या टोकाला बसवायच्या कार्बाइडच्या तुकड्यांच्या) न उघडलेल्या दहाच्या डब्या ग्रेड वाचून वेगळ्या ठेवल्या, त्यांना नव्याच्या जवळपास भाव येतो. वापरलेले इन्सर्ट आणि तुटकी कार्बाइड टूल्स मात्र भंगार, पण लोखंडाच्या ढिगातलं नाही. कार्बाइड हाताला पोलादाच्या जवळजवळ दुप्पट जड लागतं. एचएसएसची (हाय स्पीड स्टीलची) ठिणगी ग्राइंडरवर मळकट लाल आणि आखूड उडते, साध्या लोखंडाची पिवळी आणि फुलारणारी. कार्बाइड, एचएसएस, पितळ, गनमेटल आणि लोखंड अशा पाच गोण्या केल्या आणि प्रत्येकीचा भाव वेगळा विचारला. वजन करायला आपला काटा ठेवा.

ग्राइंडरचे दगड दोरीला टांगून लाकडानं हलके ठोकले. टणटणीत वाजले ते ठेवले. एक बद्द वाजला, म्हणजे आत तडा. तो फोडून टाकला. फिरताना असा दगड माणसाच्या तोंडावर फुटतो, फुकटही द्यायचा नाही.

भाव ठरवण्याचा माझा अंदाज असा: पेटीसकट, तपासलेलं, चांगल्या मेकचं उपकरण नव्याच्या निम्म्याला. पेटी नसेल तर तिसरा हिस्सा. पाने, पकडी, कानशी पाव भागाला. लेथसाठी दोन जुन्या मशीनवाल्यांकडून आणि एका चालू गाळ्याच्या मालकाकडून असे तीन भाव घेतले. प्रत्येक ओळीसमोर दोन आकडे लिहिले, मागायचा आणि शेवटचा. शेवटचा आकडा फक्त तिच्या वहीत. मला स्वतःला एक डेप्थ मायक्रोमीटर (भोकाची खोली मोजणारा) हवा होता, पण मदत करणाऱ्यानंच भाव ठरवून वस्तू उचलली की सगळा व्यवहार डागाळतो. तो तिसऱ्या माणसानं ठरवलेल्या मागायच्या भावाला, शेवटच्या दिवशी घेतला.

जाहिरातीत "मालक वारले, लवकर विकायचं आहे" असं लिहायचं नाही. घाई दिसली की भाव उतरतो. "टर्नरच्या गाळ्यातला वापरातला, तपासलेला माल", फोटोत मापपट्टी आणि लेथची नेमप्लेट, एवढं पुरतं. गाळ्याचा पत्ता फोनवर बोलणं झाल्यावरच. पहिला शनिवार मैत्रिणीच्या यजमानांच्या हाताखाली काम केलेल्या मुलांसाठी ठेवला. त्यांना हत्यारांची पारख असते, ती वापरली जातात, आणि ते भावात फसवत नाहीत. दुसरा शनिवार गाळेवाल्यांचा. जुन्या बाजारात न्यायची वेळ फक्त उरलेल्या पान्यांवर आली. लेथ आणि उपकरणं आधी गेली पाहिजेत. चांगल्या दहा वस्तू उचलल्या की उरलेल्या दोनशेंना कुणी विचारत नाही असं वाटतं, पण तसं होत नाही. उलट सुट्या वस्तूंना सुटी गिऱ्हाइकं येत राहिली.

पैसे तिच्या खात्यात, मशीन पैसे जमा झाल्यावर. चेक असेल तर वटेपर्यंत लेथ हलवायचा नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही, कायद्यानं ती घेताच येत नाही. प्रत्येक मोठ्या वस्तूची दोन प्रतींत पावती, त्यावर "आहे त्या स्थितीत, तपासून घेतलं". उतरवण्याचा, हायड्राचा (क्रेनचा) आणि टेम्पोचा खर्च खरेदीदाराचा, हे भाव सांगतानाच बोलून घेतलं. नाहीतर दारात गाडी उभी राहिल्यावर तेवढे पैसे कापायची भाषा सुरू होते. उचलण्याआधी चक उतरवला, टेलस्टॉक आवळला. लीड स्क्रूवर पट्टा आला तर तो वाकतो, म्हणून पट्टे बेडखालून घेतले.

लेथ निघाल्यावर मीटर बंद करायचा अर्ज, मग गाळा झाडून किल्ली आणि डिपॉझिट.

शेवटी एक पत्र्याचा डबा राहिला. त्यात त्यांनी स्वतः घासलेली एचएसएसची टूल्स होती, ६० अंशांची, ५५ अंशांची, अर्धगोल, पार्टिंगची, प्रत्येकावर रंगाची खूण. त्याला बाजारात भाव नाही, एचएसएसच्या गोणीत गेलं असतं. तिनं तो डबा आणि सेंटर गेज (टूलचा कोन तपासायची पट्टी) त्यांच्या सगळ्यात जुन्या टर्नरला दिला आणि वहीत त्या ओळीसमोर किमतीच्या रकान्यात त्याचं नाव लिहिलं.