जूनचा हिशेब: तीन पत्रं, एक चूक, एक अर्ज

बेळगाव, ३० जून २०२५

या महिन्यात तुम्हा वाचकांना माझी चार पत्रं यायला हवी होती, तीनच आली. चौथं शनिवारी रात्री जुळवून, दोनदा तपासून तयार होतं. विषय महाराष्ट्रातली पहिलीपासूनची हिंदी. रविवारी वडगावात बहिणीकडे गेले, तर टीव्हीवर फडणवीस सांगत होते की १६ एप्रिलचा आणि १७ जूनचा, दोन्ही शासन निर्णय मागे. बहीण म्हणाली, "झाली की गं तुझी रद्दी."

नऊशे शब्दांची रद्दी. त्यातला एक मुद्दा मात्र टाकवत नाही, तो खाली येईल.

आधी पैशाचं. वर्गणी देणारे मेअखेर ५८ होते, आज ६१ आहेत. पाच आले, दोन गेले. दोघं का गेले हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण दोघांनीही आधी फोनवर अर्धा तास झाडलं आणि मग वर्गणी बंद केली. आपल्याकडचा माणूस गुपचूप जात नाही, हे एक बरं. फुकट वाचणारे चारशेच्या आसपास. खर्च भागला, वर काही उरलं नाही. एका इच्छुकानं "तुमच्या पत्राला हातभार" म्हणून पाकीट पुढे केलं होतं. ते त्याच्याच खिशात परत घालून त्याला चहा पाजला. जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली, निवडणुकीचा अजून पत्ता नाही, पण इच्छुक चार वर्षं तसेच ताजे आहेत.

नव्या पाच जणांना माझ्याबद्दल सांगायला हवं. शहापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. एकाच कॉम्प्युटरवर टायपिंगची दोन सॉफ्टवेअर, मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि निवडणूक आली की सगळ्यांची पत्रकं माझ्याकडेच येतात. महाराष्ट्र एकीकरण समितीचं, भाजपचं, काँग्रेसचं. रविवारी ज्याला पत्रातून बोलते, त्याचं पत्रक सोमवारी मी शुद्धलेखन सुधारून देते. हे माहीत ठेवून मला वाचा. २०२४ मध्ये पाटीवर साठ टक्के कन्नड, तेही वरच्या भागात, असा कायदा झाला तेव्हा मी त्याविरुद्ध लिहिलं. आणि त्याच आठवड्यात टेप घेऊन दुकानदारांच्या पाट्या मोजून नव्या करून दिल्या. त्या कमाईतून प्रिंटर घेतला. लाज वाटली का, असं एकानं विचारलं होतं. थोडी वाटली. प्रिंटर चांगला निघाला.

पहिलं पत्र १ जूनचं. सकाळी हिंडलग्याला हुतात्मा स्मारकावर जाऊन आले आणि दुपारी लिहायला बसले. १९८६ साली इथल्या मराठी माणसांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, त्यातल्या हुतात्म्यांचं ते स्मारक. तेव्हा मी सहावीत होते. नव्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालून ठेवली होती, शाळा सुरू व्हायची होती. बाबा आंदोलनात, दोन दिवस घरी नाहीत. आईनं दाराला आतून भाताचं पोतं लावलं होतं. पोलिसांना ते किती अडवणार होतं देव जाणे.

दरवर्षी या दिवसांत शरद पवार आणि छगन भुजबळ वेषांतर करून त्या आंदोलनासाठी बेळगावात कसे आले, ती गोष्ट निघतेच. मलाही आवडते. यंदा मुद्दाम गाळली, कारण त्या गोष्टीच्या नादात मूळ भांडण कशाचं होतं ते आमच्या पोरांना सांगायचंच राहून जातं. भांडण शाळेतल्या कन्नडच्या सक्तीचं होतं. शाळेत कन्नडला पहिलं स्थान द्या म्हणणारा १९८१ चा गोकाक समितीचा अहवाल, मग त्याच्या अंमलबजावणीसाठी कन्नड नट राजकुमार रस्त्यावर उतरले ते आंदोलन, आणि पुढे कर्नाटकातल्या रामकृष्ण हेगडे सरकारच्या काळात इथं गोळीबार, असा तो धागा आहे. बाबा कन्नड शिकू नका असं कधी म्हणाले नाहीत. बैलहोंगलच्या बाजारात ते कन्नडमधूनच घासाघीस करायचे आणि ती मराठीपेक्षा बरी करायचे. पहिलीतल्या पोराच्या डोक्यावर सक्ती नको, एवढंच ते म्हणत.

आता त्या रद्दीतला मुद्दा. या महिन्यात मुंबई-पुण्याची मंडळी जे बोलत होती, तेच मी सहावीत असताना आमच्या ओसरीवर ऐकलं होतं. लहान पोरावर किती भाषा लादायच्या, आपली भाषा धड यायच्या आधी दुसरी कशाला. तिकडे अडीच महिन्यांत सरकार नमलं. त्यांच्याकडे विधानसभा होती, वाहिन्या होत्या, दोन ठाकरे एकत्र यायचे होते. आनंदच आहे. पण माझ्या भाचीचा मुलगा इथं सरकारी मराठी शाळेत दुसरीत आहे आणि त्याच्या दप्तरात मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही पुस्तकं आहेत. त्याबद्दल तिकडच्या एकाही चर्चेत कुणी शब्द काढला नाही. दुसरी बाजूही सांगते: तो पोरगा रडत नाही. कन्नड बडबडगीतं मजेत म्हणतो आणि आजीला शिकवतो. यातून काय निष्कर्ष काढावा हे मला शनिवारपर्यंत कळेना, म्हणून पत्र लांबलं, आणि रविवारी विषयच संपला.

दुसऱ्या पत्रात माझी चूक झाली. सीमावादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगापुढे महाराष्ट्राने ८६५ गावं मागितली होती असं मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निपाणीहून एका निवृत्त मास्तरांचा फोन. "अक्का, ८६५ आत्ता म्हणत्यात. आयोगापुढं ८१४ होती. तुमच्या वडलांनी ही चूक केली नसती." बरोबर आहे. आयोग १९६६ मध्ये नेमला, १९६७ मध्ये अहवाल आला. २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ म्हैसूरला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला, द्यावीत, बेळगाव शहर म्हैसूरमध्येच ठेवावं, अशी शिफारस होती. महाराष्ट्राने ती फेटाळली. चूक सुधारली आहे.

पण मास्तरांनी फोन ठेवता ठेवता जे म्हटलं ते चुकीपेक्षा मोठं होतं. "त्या २६४ मध्ये आमची निपाणी होती. खानापूर होतं. महाजनचं ऐकलं असतं तर आम्ही कवाच पलीकडं गेलो असतो. बेळगावासाठी थांबलो. ह्ये बी लिवा कधीतरी." आम्ही बेळगावकर 'सीमाभाग' म्हणताना स्वतःलाच मध्यभागी धरतो. निपाणीच्या माणसाने अठ्ठावन्न वर्षं आमच्यासाठी कळ काढली, असं कुणी आमच्या तोंडावर म्हणत नाही. मास्तर म्हणाले. यावर स्वतंत्र पत्र लिहायचंय, त्यासाठी निपाणीला जाऊन चार दिवस राहावं लागेल. सोय होते का बघते.

तिसऱ्या पत्रावरून ते दोघं गेले.

पश्चिम भागातल्या एका गावची सत्तरीची आजी दुकानात आली. यंदा मे महिन्यातच पाऊस कोसळला, पावसाआधी कोरड्या रानात करायची धूळवाफेची पेरणी साधली नाही, त्या चिंतेत होती. पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला. "ह्ये काय आलंय बघ गे बाय." रस्त्यासाठी जमीन जाणार असल्याची नोटीस, सगळी कन्नडमध्ये. तिनं ती देवाच्या फोटोमागे ठेवली होती, सरकारचा कागद म्हणजे जपून ठेवायचा म्हणून. हरकत घ्यायची मुदत अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवस. ती केव्हाच उलटली होती.

मी राष्ट्रीय महामार्ग कायदा काढून वाचला. अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापायचा, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं हवं, असं त्यात आहे. कुठली भाषा ते लिहिलेलं नाही. आजीच्या गावात देवळाचं भजन, ग्रामसाहित्य संमेलन, रेशनच्या रांगेतली भांडणं, सगळं मराठीत. मग तिथली स्थानिक भाषा कोणती? नोटीस काढणाऱ्या कार्यालयात हा प्रश्न विचारला तर समोरच्याने मान वर केली नाही. मराठीतला अर्ज पुढे केला, तर "कन्नडात आणा" म्हणून परत सरकवला.

म्हणून तिसऱ्या पत्रात मी घटनेचं कलम ३५० छापलं. संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत नागरिकाला अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडता येतं. सोबत १९५६ च्या केंद्राच्या निवेदनाची आठवण दिली: जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात. आणि लिहिलं की प्रत्येकाने महिन्यातून एक अर्ज मराठीत द्यावा, पोच मागावी, नाही दिली तर रजिस्टर पोस्टानं पाठवावा.

पहिला फोन रात्री साडेनऊला. हे गृहस्थ बाबांबरोबर तुरुंगात होते, मी त्यांना काका म्हणते. "अल्पसंख्याक? आम्ही अल्पसंख्याक कधीपासून झालो गं? हा शब्द लिहिलास म्हणजे कर्नाटकात राहायचं मान्य केलंस. तुझ्या बापानं हा शब्द कधी तोंडात घेतला नाही."

खरं आहे. बाबांनी घेतला नाही. त्यांचं सरळ होतं: आम्ही इथे तात्पुरते, केंद्रानं १९५६ ची चूक दुरुस्त केली की महाराष्ट्रात जाणार. जिथे राहायचंच नाही तिथल्या घरमालकाकडे नळ दुरुस्त करून मागायचा नसतो. हा युक्तिवाद मी घरात ऐकत वाढले आणि तो कच्चा नाही. सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा आपला दावा २००४ पासून उभा आहे. उद्या वकील उठून म्हणाला की ही मंडळी अल्पसंख्याकांच्या सवलती घेऊन नांदतायत, तर? काकांची भीती ती आहे.

पण नळ गळायला लागून जवळजवळ सत्तर वर्षं झाली, काका. कर्नाटक विधानसभेत २०१३ ला समितीचे दोन आमदार होते, २०१८ ला एकही नाही, २०२३ ला एकही नाही. मी जुळवलेल्या पत्रकांवरून सांगते, २०१८ ला आपल्याच दोन गटांची पत्रकं एकाच दिवशी माझ्या टेबलावर होती आणि दोन्हींत 'एकजूट' हा शब्द लाल रंगात होता. तुम्ही भेटलात की "दाव्याचं काय झालं?" विचारता, मीही तेच विचारते. आजीनं तसं विचारलं नाही. तिनं "ह्यात काय लिवलंय?" विचारलं. मला त्या प्रश्नाचं उत्तर देता येत होतं, म्हणून दिलं. दावा चालू राहू दे. मीही १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या राज्योत्सवादिवशी, निषेधाची काळी फीत बांधणार आहे. पण एकवीस दिवसांची मुदत एकवीस वर्षांच्या दाव्यासाठी थांबत नाही.

दुसरा फोन छोटा होता. "तुम्ही कन्नडवाल्यांच्या बाजूच्या झालात," एवढंच. त्यांना काय उत्तर देणार. माझ्याकडे नुडी आहे हे त्यांना कुणी सांगितलं असेल.

जुलैत काय येईल: निपाणीचं जमलं तर निपाणी. नाही जमलं तर बळ्ळारी नाल्याचं पत्र, कारण पाऊस असाच राहिला तर शहापूर-वडगावच्या शिवारात पाणी घुसणार आणि घुसलं की सगळे पक्ष गुडघाभर चिखलात फोटो काढायला येणार. महादाई नदीच्या पाणीतंट्यावर लिहा असं तिघांनी सुचवलंय. लिहीन, पण कणकुंबीला स्वतः जाऊन आल्याशिवाय नाही.

उद्या मंगळवारी सकाळी आजीबरोबर परत त्या कार्यालयात जाते आहे. मुदत उलटली तरी नोटीस कळेल अशा भाषेत मिळाली नाही, हे लेखी द्यायचंय. अर्ज मराठीत, वर कलम ३५० ची प्रत टाचलेली. कन्नडमधली प्रतही रात्री जुळवून ठेवली आहे. ती पिशवीत आहे, जेवणाच्या डब्याखाली.